दुपारचं काय करायचं?

मुलानं ‘कंटाळा आला’ म्हटलं की हल्ली घरातल्या मोठ्यांचा चेहरा पडतो. आपल्याकडून काहीतरी द्यायचं राहून गेलं की काय, अशी चुटपुट लागते. आमच्या लहानपणी या तक्रारीला ठरलेली उत्तरं होती: ‘मग नाच’, ‘उन्हात जाऊन उभा राहा’, नाहीतर ‘ये इकडे, लसूण सोल’. ही उत्तरं काही थोर नव्हती. त्यांमागे बालमानसशास्त्राचा अभ्यास तर मुळीच नव्हता. दुपारी घटकाभर पाठ टेकावी म्हटलं तर पोर डोकं खातंय, एवढाच त्यांचा उगम. पण त्या झिडकारण्यात एक गोष्ट आपोआप होऊन जायची. कंटाळा ज्याचा त्याच्याकडेच राहायचा. आता तो आईबापांच्या खात्यावर चढतो. मुलाच्या कंटाळ्याची सोय लावणं हे पालकांचं काम ठरलं, आणि एकदा काम ठरल्यावर ते पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेण्याची सोयही झाली. एप्रिल उजाडला की चौकाचौकात फलक लागतात: अबॅकस, वैदिक गणित, रोबोटिक्स, मातीकाम, दोन दिवसांचा ट्रेक, संस्कारवर्ग आणि ‘व्यक्तिमत्त्व विकास’ नावाचं एक गूढ प्रकरण. यातलं काही वाईट आहे असं मी म्हणत नाही. मातीकाम तर उत्तमच. मात्र सकाळी एका वर्गातून दुसऱ्यात आणि संध्याकाळी तिसऱ्यात जाणाऱ्या मुलाच्या वाट्याला ‘आता काय करायचं ते कुणीच ठरवलेलं नाही’ अशी दुपार येत नाही. हे पुस्तक त्या दुपारींबद्दल आहे.

पुस्तकात घरांतल्या नोंदी आहेत. काही घरांतली मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. बरीचशी मुलं शाळेत जातात. फक्त शाळा सुटल्यानंतरचा वेळ आणि सुट्ट्या त्यांच्या घरच्यांनी जाणूनबुजून मोकळ्या ठेवल्या आहेत. लिहिणाऱ्यांत आया जास्त, बाबा थोडे आणि दोन आजोबा. मुलांची नावं कुठेच नाहीत, आणि ते बरं झालं. आपलं लहानपण छापलं जावं की नाही, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

नोंदींकडे वळण्याआधी एका समजुतीचा निकाल लावायला हवा, कारण वाचक ती मनात धरूनच हे पुस्तक उघडणार. ‘कंटाळ्यातून सर्जनशीलता जन्मते’ हे वाक्य अलीकडे पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर फार फिरतं. त्याला आधार म्हणून बहुतेक वेळा इंग्लंडमधल्या सँडी मान आणि रिबेका कॅडमन यांच्या २०१४ सालच्या प्रयोगाचा दाखला दिला जातो. त्यांनी काही जणांना पंधरा मिनिटं टेलिफोन डिरेक्टरीतले नंबर उतरवायला बसवलं आणि मग दोन साध्या कपांचे किती उपयोग सुचतात ते विचारलं. नंबर उतरवून वैतागलेल्यांना जास्त उपयोग सुचले. प्रयोग मजेदार आहे, पण तो मोठ्या माणसांवरचा आणि पंधरा मिनिटांचा. त्यावरून आठ वर्षांच्या मुलाचा अख्खा मे महिना मोकळा सोडावा, असं ठरवणं धाडसाचं होईल. त्याच वर्षी अमेरिकेत टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट बाजू दाखवली. माणसांना खोलीत एकटं बसवलं, करायला काही नाही, फक्त विचार करायचे. सोबतीला एक बटण. ते दाबलं की विजेचा झटका बसतो, आणि तो टाळण्यासाठी पदरचे पैसे मोजू असं याच लोकांनी आधी सांगितलेलं. पंधरा मिनिटांत अठरांपैकी बारा पुरुषांनी आणि चोवीसपैकी सहा बायकांनी स्वतःला झटका देऊन घेतला. कंटाळ्यातून कविताच निघते असं नाही. माणूस विजेच्या बटणाकडेही वळतो. घरात धाकटं भावंड असलेल्या कोणालाही हे प्रयोगाशिवाय ठाऊक असतं. मोठ्याला कंटाळा आला की पहिला चिमटा धाकट्याला बसतो.

मला जास्त उपयोगी वाटली ती कॅनडातल्या जॉन ईस्टवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये केलेली मांडणी. त्यांच्या मते कंटाळलेल्या माणसाला इच्छा नसते असं नाही. उलट त्याला काहीतरी करायचं असतं, मनापासून करायचं असतं, पण मन कशातच गुंतत नाही, आणि ते न गुंतणं त्याला सोसत नाही. आळसापेक्षा ही अवस्था वेगळी. आळशी माणूस लोळण्यात सुखी असतो, कंटाळलेला लोळतानाही तळमळत असतो. मुलं ही तळमळ आईच्या पदराला बांधू पाहतात: ‘मी काय करू?’ आपण सुचवतो, चित्र काढ. नको. पुस्तक वाच. वाचून झालं. सायकल? ऊन आहे. पाचवी सूचना फेटाळली गेली की आपलं डोकं फिरतं. खरं तर मूल सूचना मागत नसतंच. त्याला स्वतःची इच्छा सापडत नसते, आणि ती दुसऱ्यानं सुचवून सापडत नाही. म्हणजे कंटाळा काही शिकवत नाही. इच्छा सापडेपर्यंत जो वेळ जातो, तो कोणी भरून टाकला नाही तर पुढे काही घडण्याची शक्यता राहते, इतकंच. त्या शक्यतेला घरात काय लागतं, हा या नोंदींचा खरा विषय आहे.

या विषयावर बोलताना रवींद्रनाथ ठाकुरांचं उदाहरण येतंच, आणि ते बहुतेक वेळा अर्धवट सांगितलं जातं. शाळेत रमले नाहीत, घरी शिकले, नोबेल मिळालं. ‘जीवनस्मृती’ नीट वाचली तर चित्र बरंच गुंतागुंतीचं दिसतं. कलकत्त्यातल्या जोडासाँकोच्या वाड्यात लहानग्या रवीला सांभाळायला श्याम नावाचा एक नोकर होता. स्वतःच्या मागचा व्याप कमी करायला तो पोराला खिडकीजवळ बसवायचा, भोवती खडूनं रेघ मारायचा आणि रेघ ओलांडलीस तर अनर्थ होईल असा दम देऊन निघून जायचा. पोरानं रामायणातली सीतेची गोष्ट ऐकलेली, त्यामुळे शंका घेण्याचा प्रश्नच नव्हता. खिडकीखाली घाट बांधलेलं तळं आणि काठाला वड. सकाळभर शेजारपाजारची माणसं आंघोळीला यायची आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. कोणी कानांत बोटं घालून भराभर बुड्या मारायचा, कोणी बुडी न मारता पंचानं डोक्यावर पाणी ओतून घ्यायचा. दुपारी घाट ओस पडायचा आणि बदकं तेवढी उरायची. वडाच्या पारंब्यांखालचा काळोख मुलाला कुठल्या तरी वेगळ्या राज्यासारखा वाटायचा. मूल तासन् तास हे बघत बसायचं, कारण बघण्यावाचून त्याला दुसरं काही नव्हतं. नोकरानं केलेली ही अडवणूक होती, तिचं कौतुक करायचं कारण नाही. पण पन्नाशीत लिहिताना रवींद्रनाथांना त्या आंघोळी करणाऱ्यांची एकेक लकब आठवत होती, हेही खरं.

याच घरात थोरले भाऊ हेमेंद्रनाथ यांनी मुलांसाठी लावलेला दिनक्रमही विसरता कामा नये. पहाटे पैलवानाकडे कुस्ती, मग अंग न पुसताच अभ्यास, हाडांच्या सापळ्यावरून शरीरशास्त्र, चित्रकला, कसरत, आणि संध्याकाळी दिव्याखाली डुलक्या काढत इंग्रजी. म्हणजे घरी शिकणं आणि मोकळं असणं या दोन गोष्टी एक नव्हेत, हे ठाकुरांच्या वाड्यातही दिसतं. घरी शिकवणारे कितीतरी पालक याच खड्ड्यात पडतात. शाळा सोडतात आणि फ्रिजवर वेळापत्रक चिकटवतात.

मला या आठवणींतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो १८७३ सालचा, वडिलांबरोबरच्या हिमालयाच्या प्रवासाचा. वाटेत बोलपूरला मुक्काम होता. देवेंद्रनाथांनी अकरा-बारा वर्षांच्या मुलाला माळावर एकट्यानं भटकायला मोकळीक दिली. पावसानं चिरलेल्या लाल मातीच्या घळींतून तो वेचलेले गोटे पदरात भरून आणायचा आणि वडील ते निरखून बघायचे. टाकून दे, असं कधी म्हणाले नाहीत. खर्चाची चिल्लर मुलाकडे, हिशेबही त्याच्याकडे. सोन्याच्या घड्याळाला किल्ली देण्याचं कामही त्यालाच. मुलानं इतक्या उत्साहानं किल्ली दिली की घड्याळ दुरुस्तीला कलकत्त्याला पाठवावं लागलं. वडिलांना हे होणार याचा अंदाज नसेल असं वाटत नाही.

यात आपल्याला ओळखीचा एक धागाही आहे. विलायतेला जाण्यापूर्वी १८७८ मध्ये सतरा वर्षांचे रवींद्रनाथ अहमदाबादला भाऊ सत्येंद्रनाथांकडे राहिले. भाऊ न्यायाधीश, ते कचेरीत गेले की शाहीबागेतला तो जुना प्रचंड महाल, कबुतरांचं घुमणं आणि हा एकटा मुलगा. कोणी अभ्यास दिलेला नव्हता. तो भावाच्या पुस्तकांत अर्धंमुर्धं समजत वाचत बसला, आणि रात्री गच्चीत फेऱ्या मारताना आपल्या गाण्यांना त्यानं पहिल्यांदा स्वतः चाली लावल्या. तिथून तो मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी आला. इंग्रजी बोलण्याचा सराव त्यांच्या मुलीनं, अन्नपूर्णानं, करून घेतला. एका मराठी घरानं पाहुण्या मुलाला शिकवलं ते असं, बोलता बोलता. हे सगळं सांगताना जमीनदारी, नोकरचाकर आणि घरातलं गाणं-नाटक-वाचनाचं वारं यांचा हिशेब सोडून चालणार नाही. रिकामी दुपार इतर हजारो मुलांनाही मिळाली असेल. सगळ्यांच्या घरी पुस्तकांची खोली नव्हती.

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५८ च्या एका निबंधात एक मुद्दा मांडला होता, तो मला या नोंदी वाचताना पानोपानी आठवला. एकटं राहता येण्याची ताकद मूल एकटं पडून कमावत नाही. कोणीतरी जवळ असतं, पण ते मुलाच्या मध्ये येत नाही, अशा सोबतीत ती ताकद येते. विनिकॉटना हे लहान बाळ आणि आई यांच्यावरून सुचलं. आपल्याकडे ही सोबत बहुधा आजी करायची. ती सुपात तांदूळ निवडत बसलेली, शेजारी मूल पालथं पडून फरशीच्या चिरेत मुंगीची वाट अडवतंय. दोघं बोलत नाहीत. आजी मुलाला खेळवत नाही, मूल आजीला मदत करत नाही. पण ती उठून गेली तर मुलाचा खेळ मोडतो. चौकोनी कुटुंबात दोन नोकऱ्या झाल्यावर ही जागा रिकामी झाली. पुष्कळ पालक ती भरण्यासाठी स्वतः मुलाचे खेळगडी होतात आणि थकून जातात. या पुस्तकातले एक बाबा लिहितात की शनिवारी त्यांनी मुलीशी खेळायचं सोडून जुनी सायकल उघडून बसायला सुरुवात केली, तेव्हाच तिचं स्वतःचं काहीतरी सुरू झालं. सायकल काही धड झाली नाही, असंही त्यांनी प्रांजळपणे नोंदवलंय.

आता एक नोंद जरा सविस्तर सांगतो, कारण पुढे पुस्तकात ती तुकड्यातुकड्यांनी आली आहे. नळाला दोन दिवसांआड पाणी येणाऱ्या एका गावातलं घर. मागच्या पडवीत पाण्याचं मोठं पिंप. नऊ वर्षांचा मुलगा सुट्टीत शहाबादी फरशीवर पडून राहायचा, ‘काय करू’चा घोष चालू. एक दिवस त्यानं शेजाऱ्याला स्कूटरमधून नळीनं पेट्रोल काढताना पाहिलं. घरी येऊन तशीच नळी पिंपात सोडली, दुसरं टोक तोंडात धरून ओढलं, ठसका लागला आणि पाणी धो धो बादलीत पडायला लागलं. पहिले काही दिवस नुसता आनंद. मग त्यानं बादलीतलं टोक वर उचलून पाहिलं. एका उंचीला पाणी थांबलं. थोडं खाली घेतलं, पुन्हा सुरू. जिथे थांबलं तिथे त्यानं भिंतीवर कोळशानं खूण केली आणि जाहीर केलं की या रेघेच्या वर पाणी चढत नाही.

दुसऱ्या दिवशी पिंप अर्धं झालं होतं. रेघेच्या खाली नळी धरूनही पाणी येईना. मुलानं नळीला दोष दिला. फुटली असेल म्हणून ती टबात बुडवून बुडबुडे येतात का पाहिलं. नळी बदलली. मग त्याला वाटलं, पिंपाच्या बुडाशी काही संबंध असेल, म्हणून पिंपाखाली विटा घालायचा हट्ट. भरलेलं पिंप उचलायचं कसं, म्हणून बादली स्टुलावर आणि तांब्या जमिनीवर अशी छोटी मांडणी झाली. कोळशाच्या रेघा वाढत गेल्या, प्रत्येक रेघेशेजारी पिंप किती भरलं होतं त्याचं चित्र. रेघ आणि पिंपातल्या पाण्याची पातळी एकाच उंचीला येते, हे त्याच्या लक्षात आलं ते त्या चित्रांवरून, आणि बऱ्याच उशिरा. त्याच्या आईचं विज्ञानाचं शिक्षण झालेलं. तिला उत्तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिनं फक्त फरशी पुसून घ्यायला लावली आणि भरायच्या पाण्याची नासाडी होणार नाही एवढी अट घातली. ते गप्प बसणं किती कठीण गेलं, हे तिनं फार छान लिहिलंय.

पुढचा भाग मात्र सहसा कोणी सांगत नाही. तो छापला, याबद्दल संपादकांचे आभार. जेवताना बाबांनी कौतुकानं सांगितलं, ‘अरे, याला सायफन म्हणतात.’ पाठोपाठ हवेचा दाब वगैरे. मुलानं विचारलं, ‘म्हणजे हे सगळ्यांना आधीच माहीत होतं?’ आणि दुसऱ्या दिवसापासून पिंपाकडे फिरकला नाही. बाबांचं चुकलं का? मला ठरवता येत नाही. नाव कळणं हाही शिकण्याचा भाग आहे, आणि कधी तरी ते कळणारच होतं. पण आपल्याला मुलाच्या हातून गोष्ट काढून घेऊन तिला लेबल लावायची घाई फार असते. शोध लागला की आपण लगेच शिक्षक होतो.

शिक्षक होण्याइतकीच दुसरी खोड बक्षीस देण्याची. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी केलेला प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. रंगीत मार्करनं चित्रं काढायला मुळातच आवडणारी तीन ते पाच वर्षांची मुलं त्यांनी निवडली. काहींना सांगितलं, चित्र काढलंत तर छानसं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता शेवटी ते दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी मार्कर पुन्हा वर्गात ठेवले, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ त्यांच्याकडे वळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांवर असा परिणाम दिसला नाही. बिघडवलं ते बोलीनं. आपल्या घरांत आता प्रशस्तिपत्रापेक्षा सोपी वस्तू आहे. मुलगी कागदाचा बगळा दुमडत असते, आई फोन काढते, ‘थांब, परत कर, व्हिडिओ घेते.’ परत केलेला बगळा त्या मुलीसाठी आधीच्या बगळ्यासारखा राहत नाही.

फोनचा विषय निघालाच आहे तर थोडक्यात. मोबाइल कंटाळा घालवतो असं म्हणतात. माझ्या मते तो कंटाळ्याला येऊच देत नाही. एक संपलं की दुसरं आपोआप सुरू होतं, त्यामुळे ‘मला काय हवंय’ हा प्रश्न उभाच राहत नाही. पण याच फोनवर शोधून शोधून शिकलेली मुलंही या पुस्तकात आहेत. अरविंद गुप्तांनी काडीपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांपासून सुरू केलेलं ‘कचऱ्यातून खेळणी’चं काम पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून वाढलं, आणि त्याचे व्हिडिओ मराठीतही फुकट बघता येतात. ते बघणारं मूल अर्ध्यावर फोन खाली ठेवून कात्री शोधायला उठतं. ते उठणं दिसलं की मी तरी निश्चिंत होतो.

दोन गोष्टी मात्र या नोंदींत खटकल्या, आणि प्रस्तावना लिहिणाऱ्यानं त्या झाकू नयेत. पहिली घरातलीच. एका घरात भाऊ-बहीण दोघं आहेत. आई लिहिते, ‘तो कंटाळला, त्याला ग्राउंडवर पिटाळलं.’ चार पानांनंतर, ‘ती कंटाळली, तिला पोळ्यांना बसवलं.’ आईला यात काही वावगं दिसलेलं नाही, म्हणूनच ते इतकं सहज उतरलंय. पोळी लाटणं उत्तम शिक्षण आहे, गोल कसं येतं यात भूमिती आहे, हे सगळं मान्य. मग ते दोघांना का नाही? मुलीच्या वाट्याची रिकामी दुपार घरातली कामं फार लवकर गिळतात. ती काय शिकली असती, याची नोंद कुठेच सापडत नाही.

दुसरी गोष्ट घराबाहेरची. हे सगळं लिहिणारी घरं मध्यमवर्गीय आहेत. बीडकडची टोळी उसाच्या फडावर जाते तेव्हा आठ वर्षांची मुलगी कोपीत धाकट्याला कडेवर घेऊन असते. तिच्याकडे कंटाळायला सवड नाही, आणि तिच्या दिवसाला स्वयंशिक्षण म्हणणं निर्दयपणाचं होईल. हा प्रश्न ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आपल्या फार आधी ओळखला होता. १९४५ साली बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम करताना त्यांना दिसलं की आदिवासी मुलं बालवाडीत येत नाहीत, कारण त्यांच्या अंगावर धाकटी भावंडं आणि गुरं आहेत. मुलं येत नाहीत म्हणून त्यांना दोष न देता त्यांनी शाळाच उचलून मुलांच्या अंगणात नेली आणि गुरं चरायची तिथे, कुरणात नेली. साधनं म्हणून खडे, बिया, पानं, काटक्या, शिंपले. अंगणवाडी आणि कुरणशाळा या त्यांच्या कल्पना. मुलाच्या आजूबाजूला जे आहे त्यातूनच शिकणं सुरू होतं, हा विचार आज महागड्या लाकडी खेळण्यांच्या दुकानात विकला जातो. तो आपल्याकडे पालघरच्या डोंगरात गरिबांसाठी घडला होता. मोठ्या माणसांची तिथे मुलांकडे पाठ नव्हती, हेही ध्यानात घ्यावं. कुरणातही ताई होतीच.

ताई नसली तर काय होतं ते करोनानं दाखवलं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि मुलांना अभूतपूर्व प्रमाणात मोकळा वेळ मिळाला. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत २०१८ साली देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या २७.३ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत होता. २०२२ मध्ये हे प्रमाण २०.५ टक्क्यांवर आलं. घरात छापील कागद नाही, वाचणारं माणूस नाही, फोन एक आणि तो बाबांच्या खिशात, अशा ठिकाणी मोकळा वेळ नुसताच वाया गेला. म्हणून ‘शाळा बंद करा, मुलं आपोआप शिकतील’ अशी आरोळी मी देणार नाही. या पुस्तकातले काही जण देतात. त्यांच्या घरात कपाटभर पुस्तकं आहेत.

घरीच शिकवण्याच्या चळवळीत अमेरिकेच्या जॉन होल्ट यांचं नाव आदरानं घेतलं जातं. होल्ट आधी शाळामास्तर होते. पाचवीच्या वर्गातल्या निरीक्षणांतून त्यांचं ‘हाऊ चिल्ड्रन फेल’ १९६४ मध्ये आलं. मुलं उत्तर शोधण्याऐवजी बाईंच्या चेहऱ्यावरून बरोबर-चूक ओळखण्यात किती हुशारी खर्च करतात, हे त्यांनी त्यात बारकाईनं टिपलं. शाळा सुधारतील ही आशा सुटल्यावर १९७७ मध्ये त्यांनी घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी एक पत्रिका सुरू केली. स्वतः ते चाळिशीत चेलो वाजवायला शिकले. मला त्यांच्या सिद्धांतांपेक्षा हा चेलो जास्त पटवतो. मोठं माणूस स्वतः काहीतरी नव्यानं, चुकतमाकत शिकताना दिसत नाही, त्या घरात मुलाला ‘स्वतः शिक’ म्हणणं पोकळ ठरतं.

पालकांच्या सभांमधून मात्र होल्टबद्दल कोणी विचारत नाही. पहिला प्रश्न असतो, ‘दहावीचं काय?’ तो रास्त आहे, म्हणून सरळ उत्तर. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं दहावं कलम सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य मानतं. न घातल्यास पालकांना शिक्षा मात्र त्यात सांगितलेली नाही. घरी शिकणाऱ्यांची बाजू या दोहोंच्या मध्ये कुठेतरी लोंबकळते आहे, आणि शाळा सोडण्याचा निर्णय घेणाऱ्यांनी हे डोळे उघडे ठेवून समजून घ्यावं. परीक्षेची वाट त्यामानानं मोकळी आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेची दहावी वयाची चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते, मराठी माध्यमातूनही. आणि आपल्या राज्य मंडळाचा, बाहेरून परीक्षेला बसण्यासाठीचा सतरा नंबरचा फॉर्म तर गावागावात माहीत आहे. नापासांचा फॉर्म म्हणून त्याची बदनामी झाली, ती उगाचच.

दुसरा प्रश्न असतो, ‘कोणत्या वयाला काय द्यायचं, त्याची यादी मिळेल का?’ प्रकाशकांचीही तीच मागणी होती. शेवटी पन्नास उपक्रम दिले तर पुस्तक खपेल, हा त्यांचा अंदाज बहुधा बरोबरच असणार. संपादकांनी यादी दिलेली नाही. सायफनच्या नोंदीचा कोणत्याही शाळेनं उपक्रम करू नये, अशी विनंती मी माझ्याकडून जोडतो. ज्यांना काहीच सुचत नाही त्यांनी पुस्तकाच्या मध्यावर त्या सायकलवाल्या बाबांची नोंद आहे, तिथून वाचायला घ्यावं. लांब आहे, मधे मधे रटाळही आहे. सलग आठ पानं मुलगी काहीच करत नाही.